वक्रदत्ताची सुटका

“चष्मा लावा, शाल पांघरा, आवाज हवा तसा लावा, पण मध्ये कुठे थांबू नका,” विष्णुबुवा म्हणाले. “पोथी थांबली की माणसं विचार करायला लागतात.”

त्यांच्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मिरजेला मोतीबिंदू काढून चारच दिवस झाले होते आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली होती. श्रावण मात्र डॉक्टरांना विचारून येत नाही. तांबट आळीत श्रावणभर पोथी लागते, रोज एक अध्याय. सत्तेचाळीस वर्षे ती एकट्या विष्णुबुवांनी वाचली होती. त्यांच्या जागी कोण, असा प्रश्न आला तेव्हा दामोदरशेठ अंदुऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

दामोदरशेठ देवळाचे प्रमुख विश्वस्त होते आणि आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्षही. मी मराठीचा नवा व्याख्याता. दोन वर्षांची मुदत संपत आली होती, आणि मला नोकरीत कायम करायचे की नाही हे सप्टेंबरात तेच ठरवणार होते. म्हणून ते “सर, एवढं करा” म्हणाले तेव्हा मी ताबडतोब मान डोलावली.

गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही. आळी पुरे. तिथे दिवसभर तांब्याच्या हंड्यांवर आणि बंबांवर हातोडे पडत. त्यामुळे आळीतला प्रत्येक माणूस थोडाफार बहिरा होता आणि प्रत्येकजण ओरडून बोलत असे. प्रेमाचे चार शब्दही तिसऱ्या घरात ऐकू जात. त्यामुळे ते फारसे कोणी बोलत नसे.

“बुवा, नवव्या अध्यायाचं तेवढं समजावून सांगा,” मी म्हणालो.

“त्यात काय समजायचंय? वक्रदत्त नावाचा पापी. चाळीस ओव्या पापं करतो, मरतो. यमदूत त्याला मुसक्या बांधून नेतात. तिथे पोथी विचारते, ‘यजमान, सोडवायचा का?’ यजमान म्हणतो, ‘सोडवा.’ नारळ ठेवतो. मग तुम्ही सुटकेच्या ओव्या वाचायच्या, पोथी बांधायची आणि जेवायला बसायचं. पोथी बांधल्याशिवाय पानं वाढत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. पुरण असतं त्या दिवशी.”

“आणि यजमान कोण?”

“अंदुऱ्यांचं घर. त्र्यंबकशेठ गेल्यापासून त्यांच्या नावानं त्यांची बायको बसते, मथूकाकी. एरवी विधवेला यजमानपण देत नाहीत. पण नवऱ्याला सोडवायला बायको चालते.”

हे त्यांनी इतक्या सहज सांगितले की मीही ते सहज टिपून घेतले.

त्र्यंबकशेठ म्हणजे दामोदरशेठांचे थोरले बंधू. मी गावात येण्याच्या कितीतरी आधी ते वारले होते. देवळाच्या मंडपात त्यांचा मोठा फोटो होता: कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर पोथी. त्यांना ती मुखोद्गत होती आणि नवव्या अध्यायाला ते दरवर्षी देवापुढे उभे राहून सर्वांदेखत ढसढसा रडत, असे मला अनेकांनी सांगितले होते. “असा पश्चात्ताप पाहायला मिळणं नाही,” असे म्हणताना सांगणाऱ्यांचेही डोळे भरून येत.

पहिले आठ दिवस निर्विघ्न पार पडले. इतकेच नव्हे, मी स्वतःवर खूश होऊ लागलो होतो. एम.ए.ला मी जुन्या आख्यानांतल्या पापी पुरुषांवर प्रबंध लिहिला होता. ‘श्रोत्यांचा सहभाग’ असे त्यातल्या एका प्रकरणाचे नाव होते. पोथी मध्येच श्रोत्याला प्रश्न विचारते तेव्हा तो कथेचा भागीदार बनतो, असा सिद्धान्त मी तिथे बावीस पानांत मांडला होता. आता तो सिद्धान्त प्रत्यक्ष आजमावण्याची संधी चालून आली होती. बुवांचा सल्ला मी विसरलो नव्हतो. तो मला अशास्त्रीय वाटला होता.

नवव्या दिवशी मंडप भरला होता. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. मागच्या पडवीतून कटाच्या आमटीचा वास येत होता. मथूकाकी माझ्या समोर पाटावर बसल्या होत्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, पांढऱ्या पातळाचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, पुढ्यात तांदळावर नारळ. त्यांच्याकडे कोणी विशेष पाहत नव्हते. त्या बाईंच्या चेहऱ्याला कोणी पाहावे अशी सवयही नव्हती.

वक्रदत्ताने पापे केली. ती श्रोत्यांनी मन लावून ऐकली; पापांच्या ओव्यांत कोणाला झोप लागत नाही. मग तो मेला, दूत आले, मुसक्या बांधल्या. मी पान उलटले, मान वर केली आणि स्पष्ट, स्वच्छ आवाजात विचारले, “यजमान, सोडवायचा का?”

आणि थांबलो.

विष्णुबुवा हा प्रश्न कसा विचारत ते मला नंतर कळले. ते “यजमानसोडवायचाकासोडवला” असे एका दमात म्हणून पुढची ओवी सुरू करत. यजमानाने तोंड उघडण्याआधी पापी अर्धा सुटलेला असे.

मथूकाकींनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहून हसलो, विद्यार्थ्याला धीर देतात तसा. त्यांनी नारळाकडे पाहिले. नारळ उचलला आणि पाटाच्या मागे ठेवला.

“नको,” त्या म्हणाल्या.

मला वाटले, पुढे काही म्हणायचे असेल. तसे काही नव्हते.

“अहो, सोडवा म्हणा, सोडवा!” शेजारच्या बाईने त्यांना डिवचले.

“कळतं मला काय म्हणायचं असतं ते. नको.”

मंडपात कुजबुज सुरू झाली. म्हणजे, त्या आळीच्या मानाने कुजबुज. रस्त्यावरची कुत्री भुंकू लागली. पुरुषांतून दामोदरशेठ उठले. धिप्पाड माणूस, पांढरे धोतर, हातात पितळी मुठीची काठी.

“वहिनींना ऐकू आलं नाही,” त्यांनी सर्वांना समजावले. “डावा कान गेलाय त्यांचा. सर, परत विचारा. मोठ्यानं विचारा.”

मी परत विचारले. मोठ्याने.

“नको. आणि ओरडू नका सर, उजव्या कानानं चांगलं ऐकू येतं मला.”

“वहिनी, थट्टेची वेळ आहे का ही? दादा तिकडे बांधलेला आहे!”

“वक्रदत्त बांधलेला आहे,” मी म्हणालो. विद्यापीठात शिकल्याचा हा तोटा असतो. चुकीच्या वेळी माणूस पाठ शुद्ध करतो.

दामोदरशेठांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला सप्टेंबर दिसला.

“तुम्ही वाचा हो पुढचं,” ते म्हणाले.

“पण त्यांनी नको म्हटलंय.”

“म्हणू द्या! नको म्हणायची पद्धत नाही.”

“मग विचारायची पद्धत कशाला आहे?”

हे मी धैर्याने विचारले असे आज कोणाला वाटेल. तसे नव्हते. मला खरोखरच माहिती हवी होती.

तेवढ्यात पडवीतून वाढपाची पुढारी चंपाताई कमरेला हात लावून आली. “काय झालं? आमटीवर साय धरली. पोळ्या वातड व्हायला लागल्या.”

“पापी सुटत नाहीये,” कोणीतरी सांगितले.

“आता गं बाई! कधीपर्यंत?”

“मथूवहिनी,” भिंतीला टेकून बसलेले रंगनाथतात्या विनवणीच्या सुरात म्हणाले. ते आळीतले सर्वांत वृद्ध. “माझी गोळी जेवणानंतरची आहे. एक तर त्र्यंबकला सोडवा, नाहीतर मलाही त्याच्याकडे पोचवा.”

लोक हसले. मथूकाकीही किंचित हसल्या. पण त्यांनी नारळाला हात लावला नाही. वक्रदत्ताची कणव करणाऱ्यांची संख्या भुकेबरोबर वाढत चालली होती. आधी दोन-तीन माणसे म्हणत होती, मग सगळा पुरुषवर्ग म्हणू लागला, “सोडवा, सोडवा!” बायका मात्र गप्प होत्या. मी तेव्हा त्याची नोंद घेतली नाही.

शेवटी विष्णुबुवांना बोलावणे गेले. ते एका हाताने भिंत चाचपत आले आणि सगळी हकिकत ऐकून प्रथम माझ्यावर उखडले.

“थांबलात कशाला?”

“प्रश्न विचारल्यावर थांबावं लागतं बुवा.”

“सत्तेचाळीस वर्षं विचारतोय मी! कधी गरज पडली नाही.” मग एका डोळ्याने ते मथूकाकींकडे पाहत राहिले. त्यांचा आवाज उतरला. “काकी, विचार करून सांगताय ना?”

“बुवा, अकरा वर्षं विचारच करतेय. तुम्ही थांबलाच नाहीत कधी.”

बुवांनी पट्टीवरून हात फिरवला.

“पोथीनं विचारलं आणि यजमानानं उत्तर दिलं,” ते सर्वांना उद्देशून म्हणाले. “नको म्हटल्यावर काय करायचं, ते पोथीत लिहिलेलं नाही. म्हणजे सुटकेच्या ओव्या वाचता येणार नाहीत. मी वाचणार नाही, यांनीही वाचू नयेत.”

“बुवा!” दामोदरशेठांचा आवाज चढला. “गावभर काय होईल? त्र्यंबक अंदुरे नरकात, असं म्हणतील लोक! ज्या माणसानं देवळाला घंटा दिली, जो माणूस देवापुढे उभा राहून रडायचा—”

“देवापुढे रडायचे,” मथूकाकी म्हणाल्या.

“मग आणखी काय हवं?” ते त्यांच्याकडे वळले. “वहिनी, आळीतल्या हातोड्यांनी कानाबरोबर तुमचं डोकंही गेलं का?”

मथूकाकी पाटावरून उठल्या. उभ्या राहिल्यावरही त्या दामोदरशेठांच्या खांद्याला जेमतेम लागत होत्या.

“माझा कान हातोड्यानं गेला नाही, भावजी. पहाटे आळीत हातोडा वाजत नसतो. कशानं गेला, ते सांगू का इथे?”

मी बायकांच्या बाजूला पाहिले. एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते.

दामोदरशेठांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“नको, वहिनी,” ते म्हणाले.

“बरं,” मथूकाकी म्हणाल्या. मग चंपाताईकडे वळल्या. “पानं मांड गं. ते यमाकडे आत बसलेत म्हणून आपण का उपाशी राहायचं?”

पोथी उघडी असताना आळीत त्या दिवशी पहिल्यांदा जेवणे झाली. अनर्थ काही झाला नाही. रंगनाथतात्यांनी चार पोळ्या खाल्ल्या आणि गोळी घ्यायला विसरले.

दामोदरशेठ जेवले नाहीत. ते खांबापाशी उभे होते. मी हात धुऊन आलो तेव्हा मला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे नेहमीच्याच आवाजात, ते बुवांना म्हणाले, “पुढच्या वर्षी तुम्हीच वाचा. हे सर पुढच्या वर्षी गावात असतीलच असं नाही.”

मथूकाकी ताटे उचलत होत्या.

“मग ह्यांची सुटका कशी व्हायची, भावजी?” त्यांनी साधेपणाने विचारले. “बुवा तर थांबत नाहीत. न थांबता विचारलेल्याला मी काही उत्तर देणार नाही. सर विचारतील तेव्हाच सांगेन, काय सांगायचं ते.”

संस्थेच्या अध्यक्षाला अशा पेचाची सवय नसते. मला काढून टाकले तर थोरला भाऊ कायमचा यमदूतांच्या हाती राहत होता.

मंडप रिकामा झाल्यावर मी पोथी बांधायला बसलो. सुटकेची तीन पाने न वाचता पोथी बांधताना हात अवघडला होता. मथूकाकी नारळ घ्यायला आल्या आणि पाटावर टेकल्या.

“सर, सुटका होते तरी कशानं त्याची? अकरा वर्षं ऐकतेय, पण त्या वेळी माझं लक्ष नसतं.”

मी ओवी वाचून दाखवली:

“श्वानासी मारिला पाषाण । तो घंटेवरी आदळला जाऊन । नाद ऐकोनि भगवान । म्हणे भक्त आपुला ॥”

“म्हणजे कुत्र्याला दगड मारला, तो चुकून देवळाच्या घंटेला लागला, आणि देवाला वाटलं, यानं आपल्यासाठी घंटा वाजवली?”

“हो.”

“कुत्र्याला विचारलं का कुणी?”

त्यांनी नारळाची शेंडी सारखी केली.

“तुम्ही पुष्कळ पोथ्या वाचल्यात म्हणे. असे पापी पुष्कळ असतील त्यांत.”

“बावीस आख्यानं अभ्यासली मी.”

“सगळे सुटतात?”

“सगळे.”

“सोडवण्याआधी एखाद्याच्या बायकोला विचारलंय कुठे?”

मी मनातल्या मनात बावीस आख्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. कोणी मरताना मुलाला हाक मारतो आणि ती देवाला ऐकू जाते, कोणी चुकून उपवास करतो, कोणाच्या अंगावर नकळत तीर्थ उडते. त्यांच्या बायका होत्या. बहुतेक ओवीच्या तिसऱ्या चरणात रडत असत. प्रबंधाला प्रथम श्रेणी मिळाली होती.

“नाही,” मी म्हणालो.

“मग काय वाचलंत?” त्या म्हणाल्या. विचारताना आवाजात राग नव्हता. नवशिक्या सुनेला भाकरी का करपली ते विचारावे तसे त्यांनी विचारले.

मग त्यांनी सांगितले. मी विचारले नव्हते, आणि त्यांनीही डोळ्यांना पदर लावला नाही.

“ह्यांचा नेम होता. देवळात ज्या दिवशी जो अध्याय, तो आधी पहाटे घरी वाचायचे. मी समोर बसून ऐकायचं. थोरली तेव्हा तीन महिन्यांची होती. तापानं फणफणलेली. दोन रात्री मी पाठ टेकली नव्हती. ह्यांचा हाच अध्याय चालला होता आणि बसल्या बसल्या माझा डोळा लागला. ह्यांनी डाव्या हाताचं बोट पोथीत ठेवलं, ओळ चुकू नये म्हणून. उजव्या हातानं तीर्थाचा गडू उचलला. पोथीतलं बोट काही काढलं नाही. मारून झाल्यावर त्याच ओळीपासून पुढे वाचलं.”

“आणि तुम्ही?”

“अध्याय पुरा झाल्याशिवाय उठायचं नसतं. कान वाहत होता. बसून राहिले.” त्यांनी सांडलेले तांदूळ वेचले. “वक्रदत्त सुटला त्या दिवशीही. दहा वाजता देवळात जाऊन हे रडले. सगळी आळी रडली. भावजीही रडले. ते पहाटे ओसरीवरच होते, पूजेचा बेल निवडत. मध्ये नुसतं दार होतं.”

“त्र्यंबकशेठ नंतर कधी काही बोलले नाहीत तुमच्याशी?”

“देवाशी बोलायचे की दर वर्षी. मला कशाला विचारतील? देवानं माफ केल्यावर मी कोण?” त्यांनी नारळ उचलला. “हा घरी नेते. याची चटणी करीन. आपल्या पोथीत एखाद्याला आत किती दिवस ठेवायचं, असं काही लिहिलंय का सर?”

“नाही लिहिलेलं.”

“मग पुढल्या श्रावणात बघू.”

सप्टेंबरात मला नोकरीत कायम केल्याचे पत्र मिळाले. दामोदरशेठांनी ते स्वतः दिले. “अभिनंदन,” असे ते म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. त्या कॉलेजात मी पुढे एकतीस वर्षे शिकवले. माझे घर, मुलांची शिक्षणे, आताचे निवृत्तिवेतन हे सगळे एका माणसाच्या नरकवासावर उभे आहे, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो.

दुसऱ्या वर्षी मी विचारले. थांबलो. “नको,” मथूकाकी म्हणाल्या. पाने लगेच वाढली गेली. तिसऱ्या वर्षी चंपाताईने आधीच विचारून ठेवले होते, “काकी, नकोच ना? मग पोळ्या तव्यावरून थेट वाढते.” आळीला सवय झाली होती. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. चौदाव्या अध्यायाच्या यजमानाला, एका तरुण तांबटाला, मी पोथीतला दुसराच एक साधा प्रश्न विचारला आणि त्याने उत्तर देण्याआधी मागे वळून बायकोकडे पाहिले. लोक खूप हसले. तोही हसला, पण उत्तर तिने दिले.

दामोदरशेठ मात्र त्या तीन वर्षांत खंगले. नवव्या दिवशी ते येत, खांबापाशी उभे राहत आणि न जेवता जात.

चौथ्या श्रावणात मी वक्रदत्ताच्या मुसक्यांपर्यंत पोहोचलो, पान उलटले, आणि प्रश्न विचारणार एवढ्यात ते पुढे आले. काठी नव्हती. ते देवाकडे तोंड करून उभे राहतील असे मला वाटले. त्या घराण्याची ती रीत होती. ते मथूकाकींच्या पाटासमोर आले आणि कष्टाने खाली, जमिनीवर बसले.

“सर, जरा थांबा,” ते म्हणाले. त्या आळीत इतक्या हळू आवाजात कोणी बोललेले मी तोपर्यंत ऐकले नव्हते. लोक पुढे सरकले. “वहिनी, त्या पहाटे मी ओसरीवर होतो. बेल निवडत होतो. आत काय झालं ते मला ऐकू आलं.”

मथूकाकींनी मान थोडी वळवली, उजवा कान त्यांच्याकडे केला.

“ऐकू आलं,” ते पुन्हा म्हणाले, “आणि मी बेल निवडत राहिलो.”

यापुढे त्यांना काही सुचेना. माफीचे शब्द त्यांना येत नव्हते असे नाही. चौऱ्याऐंशी ओव्यांचा अख्खा अध्याय त्यांना पाठ होता. ते नुसते मान खाली घालून बसून राहिले, आणि एवढा मोठा माणूस जमिनीवर बसलेला पाहून बायकांच्या बाजूला कोणीतरी नाक पुसले.

मी मथूकाकींकडे पाहिले. त्यांनी मला खूण केली, विचारा.

“यजमान,” मी म्हणालो, “सोडवायचा का?”

आणि थांबलो. आजवर इतका वेळ कधी थांबलो नव्हतो. पडवीत तव्यावर पोळी करपल्याचा वास आला तरी चंपाताई जागची हलली नाही.

मथूकाकींनी नारळ उचलला, आणि तो पोथीपुढे न ठेवता दामोदरशेठांच्या ओंजळीत दिला.

“भावजींना सोडवा,” त्या म्हणाल्या. “ह्यांचं पुढल्या श्रावणात बघू.”